वीस हातांची अखंड तुळई

लाकडी घरांचे फायदे सांगणारा हा लेख मी स्लॅबखाली बसून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या कारापुरातलं कोणीतरी संपादकांना पत्र टाकून ते कळवील, आणि तो माणूस माझा सख्खा शेजारी असेल. चाळीस वर्षं मी पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत लोकांची लाकडी घरं उभी केली, कललेली सरळ केली, पाय कुजलेली उचलून धरली. मग माझा मुलगा कमावता झाला आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर बापाचं लाकडी घर पाडून स्लॅब घातला. आता मे महिन्यात आमच्याकडे पापड वाळवायला अंगणात जावं लागत नाही, आतल्या खोलीतच वाळतात. दुपारी मी मागच्या शेडमध्ये माझ्या जुन्या रंध्या-पटाशांच्या सोबतीने आडवा होतो. मुलगा विचारतो, "बाबा, एसी लावूया?" मी म्हणतो, "लाव. तुझ्या स्लॅबाला ताप चढलाय, त्याला औषध हवंच."

आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात आणि हाक मारताना मेस्ता. मेस्ताच्या धंद्यात नसलेल्यांसाठी दोन गोष्टी सांगतो, त्या कळल्या की पुढचं सगळं कळेल.

पहिली गोष्ट भिंतीची. लोकांना वाटतं घर म्हणजे भिंती. लाकडी सांगाड्याच्या घरात भिंत ही पाहुणी असते. खांब उभे राहतात, खांबांच्या डोक्यावर तुळई आडवी पडते, तुळईवर वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. सगळं ओझं खांबांतून खाली जमिनीत उतरतं. भिंत मातीची असो नाहीतर चिऱ्याची, ती फक्त वारा अडवते आणि शेजाऱ्याची नजर अडवते. तिच्या डोक्यावर काही नसतं. उद्या सगळ्या भिंती पाडल्या तरी छप्पर हलत नाही.

दुसरी गोष्ट सांध्याची. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला तोंड. जीभ तोंडात घालायची आणि आरपार भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची. खिळा गंजतो. खुंटी पावसात फुगते आणि सांधा आणखी आवळून धरते. आणि घर हलवायचं झालं तर खुंट्या काढायच्या, की अख्खं घर सुटं होऊन ट्रकात बसतं. सिमेंटच्या घराला ही सोय नाही. ते जिथे जन्मतं तिथेच मरतं, आणि मरताना बोलतही नाही. लाकूड आधी करकरतं, कण्हतं, चार पावसाळे तक्रार करतं. ऐकणारा पाहिजे.

एकदा डिचोलीजवळ एका घरी मला बोलावलं. मधल्या खांबाचा पाय वाळवीने खाल्ला होता. बघतो तर खांबाच्या बुंध्याशी हातभर उंच वारूळ. वारुळाला आम्ही रोयण म्हणतो, आणि रोयण म्हणजे सातेरी देवी. घरात देवी स्वतः चालत आलेली आणि आल्या आल्या तिने खांब खायला घेतलेला. मालक हात जोडून उभा. म्हणाला, "मेस्ता, रोयणीक हात लावंक दिवचो ना. पूण घरूय पडूंक जायना." म्हणजे देवीही राहिली पाहिजे आणि घरही. आम्ही तुळईला टेकू दिले, खांब काढला, त्याचा कुजलेला पाय कापून खाली दगड दिला आणि दीड हात बाजूला नेऊन परत उभा केला. देवीला मोकळी जागा, खांबाला नवा पाय. संध्याकाळपर्यंत काम झालं. मालकाने तिथे दिवा लावला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आनी देवी खांबाच्या फाटल्यान थंय पावली तर?" मी म्हटलं, "मला बोलवा. पुन्हा सरकवू. देवीच्या पायात चाकं आहेत तर आपल्या खांबांच्याही पायात आहेत."

तर असा हा धंदा. माणसांच्या भांडणांत लाकूड काय करू शकतं, ते मात्र मला एका घराने शिकवलं. त्याची गोष्ट सांगतो.

गाव पेडण्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांची गोष्ट आहे ते हा अंक घेतात. दहा-बारा वर्षं झाली. घर दोन भावांचं. थोरले गोविंद, मराठी शाळेतून निवृत्त झालेले, त्यांना सगळा गाव मास्तर म्हणायचा. धाकटा वासू. खाणीवर त्याचा ट्रक होता. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक विकून त्याने पिकअप घेतली आणि भाजी, चिरे, लग्नाची भांडी, जे मिळेल ते वाहायला लागला. भांडण फणसाच्या एका फांदीवरून सुरू झालं आणि तिथून विहिरीच्या पंपावर गेलं. मी पोचलो तेव्हा दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच खोलीत बसून माझ्यामार्फत बोलत होते.

"मेस्ता," वासू म्हणाला, "म्हजें अर्दें घर माका सोडोवन दी. खांब मोज, वासे मोज, आनी तुळय मदीं काप. रस्त्याकडच्या प्लॉटार हांव म्हजें घर उबें करतां."

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "त्यांना सांगा, तुळईचा मध्य टेपने काढावा. अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर मी सही करणार नाही."

वासू मास्तरांपासून दोन हातांवर बसला होता.

आता ही तुळई म्हणजे साधी तुळई नव्हे. वीस हात लांब, काळीभोर किंदळाची, एका झाडाची, अखंड. त्यांच्या आज्याने ती सत्तरी तालुक्याच्या रानातून बैलांकडून ओढून आणवली होती असं सांगत. पंचक्रोशीत दुसरी नव्हती. त्या घरात मुलगी द्यायची तर लोक आधी तुळईखाली उभे राहून वर बघायचे आणि मग होकार द्यायचे. आणि आणखी एक. ते घर माझ्या बापाने बांधलं होतं. त्यामुळे ती तुळई आमच्याही घराण्याची अब्रू होती. लहानपणी मी कामात चुकलो की बाप म्हणायचा, "वीस हातांची अखंड तुळई चढवलेल्या माणसाचा मुलगा तू!"

मी पाणी प्यायला म्हणून मागच्या दारी गेलो. तिथे शालन वहिनी, मास्तरांची बायको, नारळाचं किसणं पुढे घेऊन बसली होती. खोबरं संपलं होतं, रिकामी करवंटीच किसत होती.

"मेस्ता," ती म्हणाली, "चवथ खंय जातली?"

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी; ती कुठे होणार, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. आमच्याकडे एका घराण्याचा गणपती एकच, आणि तो मूळ घरात. फोंड्याला नोकरी करणारा असो की मुंबईला, चवथीला सगळे त्याच घरी येतात. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडाची चौकट, तिला नारळ, सुपाऱ्या, तोरिंगणं, रानातली फळं लटकवलेली. ही माटोळी या घरात त्या तुळईलाच बांधत, तीन पिढ्या एकाच जागी. तुळई कापली की ती जागाच राहणार नव्हती. मग दोन घरं, दोन गणपती, आणि कोण कुठे जेवणार याचे दोन हिशेब.

वहिनीला स्वतःचं मूल नव्हतं. वासूची दोन मुलं तिच्याच मांडीवर वाढली होती. वासूची बायको सकाळी पिठाच्या गिरणीवर कामाला जायची, मुलं वहिनीकडे. मोठी मुलगी तर आईला नावाने हाक मारायची आणि वहिनीला आई म्हणायची. घर रस्त्याकडे गेलं की मुलं रस्त्याकडे जाणार. अर्ध्या किलोमीटरचं अंतर. पण भांडलेल्या घरांतलं अर्धा किलोमीटर म्हणजे किती, ते ज्याने चाललंय त्यालाच ठाऊक.

"भुरगीं येवचीं नात," ती म्हणाली. "तो धाडचो ना, हे आपोवचे ना. तूं कितेंय सांग, पूण ती तुळय कापूं नाका."

वासू मुलांना धाडणार नाही आणि मास्तर बोलावणार नाहीत, हे मलाही दिसत होतं. मला वाईट वाटलं. पण मी मेस्त. घर ज्याचं, हुकूम त्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि तातू माळ्यावर चढलो. तातू दोडामार्गचा. तीस वर्षं माझ्याबरोबर करवतीचं दुसरं टोक त्याने धरलं. करवत ओढताना तो बोलायचा नाही, बाकी सगळा वेळ बोलायचा.

तुळईवर तीन पिढ्यांची काजळी आणि धूळ. मध्य काढायचा म्हणून मी पटाशीने काजळी खरवडायला लागलो. मधल्या खांबापासून हातभर अंतरावर पटाशी अडकली. आणखी खरवडलं. एक तिरकी रेघ दिसली, केसाएवढी. रेघ तीन हात तिरकी गेली होती आणि दोन्ही टोकांना एकेक खुंटी.

तातूने वाकून बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तुळईकडे.

"मेस्त्री, हे तर दोन तुकडे असत!"

दोनच होते. त्याला आम्ही जोड म्हणतो. दोन्ही लाकडांची टोकं लांब तिरकी तासायची, एकावर एक झोपवायची आणि खुंट्या ठोकायच्या. नीट केला तर जोड अख्ख्या लाकडाएवढा चालतो. हा इतका नीट होता की मी तीन वेळा त्या घरात जेवून गेलो तरी मला दिसला नव्हता. फटीत वाळलेलं मेण होतं, आणि मेणाच्या कडेला पटाशीने कोरलेली खूण. चंद्रकोर आणि दोन टिंबं. आमच्या घराण्याची खूण. माझ्याही सगळ्या पटाशांच्या मुठीवर ती आहे.

म्हणजे बाप. लाकूड कमी पडलं असेल, किंवा कापताना चुकला असेल. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते, कारण बाप चुकला की फार नीट काम करायचा. त्याने तुकडे जोडले, मेण थापलं, काजळी फासली आणि खाली उतरून आज्याला सांगितलं, अखंड. आणि मग मला आयुष्यभर तिचे दाखले दिले!

मी तुळईवर दोन्ही बाजूंनी पाय सोडून बसलो आणि हसायला लागलो. तातूला वाटलं मला ऊन लागलं.

"मरांदे," तातू म्हणाला, "आपला काम सोपा झाला. खुंट्यो काडल्यो काय झाला. कापूचा पन नाय. दुपारच्या जेवणाक घराक!"

तो खरं बोलत होता. दोन खुंट्या ठोकून काढल्या असत्या तर वासूला त्याची अर्धी, मास्तरांना त्यांची अर्धी, आणि मध्य तर बापाने आधीच मोजून ठेवलेला. मी खाली उतरून हे सांगायला हवं होतं. मेस्ताचं कर्तव्य तेच होतं.

मी खाली उतरलो आणि वहिनीकडे मेण मागितलं.

"मेण कित्याक?"

"पटाशीला लावायला."

तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं, मेणाचा गोळा दिला आणि काही विचारलं नाही. वर जाऊन मी मेणात लाकडाचा बारीक भुसा मळला, समईची काजळी घातली आणि बापाने जिथे थापलं होतं तिथेच थापलं. तातू बघत होता.

"मेस्त्री, ह्या बरा न्हय."

"तातू, तुळई अखंड आहे."

"अखंड असा," तातू सुस्कारा सोडून म्हणाला. "तुज्या बापाशीसारखीच."

मग आम्ही दोघे गंभीर तोंडाने खाली आलो. मी दोन्ही भावांना समोर बसवलं आणि धंद्यातला माझा सगळ्यात जड आवाज काढला. म्हटलं, "तुळई अखंड आहे. सगळं घर तिने बांधून धरलंय. कापली तर इकडचं अर्धंही उभं राहणार नाही आणि तिकडचंही. आणि एवढ्या लांबीचं किंदळ आज आणायचं तर रानाला विचारावं लागेल, रान सरकारला विचारील, आणि सरकार आपल्याला विचारील की तुम्हांला एवढं लाकूड हवं कशाला."

मास्तर छताकडे बघायला लागले, वासू जमिनीकडे. माझं म्हणणं पटलं असं मला वाटलं. मी लगेच पुढचा डाव टाकला.

"वेगळं व्हायचं आहे ना? घर हलवायला नको. मधल्या सोप्याच्या भिंती काढू. लाकडी घर आहे, भिंतींवर काही टेकलेलं नाही. मधे आरपार मोकळी वाट होईल. वाटेच्या इकडे मास्तरांचं घर, तिकडे वासूचं. दोन दारं, दोन चुली. वर छप्पर मात्र एकच राहील, त्याला माझा इलाज नाही."

वासू म्हणाला, "म्हज्या मेवण्याक विचारतां."

मेवणा इंजिनियर होता. रविवारी आला, हातात टेप, कानात फोन. म्हणाला, बीम कापून लोखंडी प्लेट मारता येईल. आणि शिडी लावून वर चढला. मी खाली शिडी धरून उभा. हात शिडीला होते, जीव वर त्या मेणात होता. दुपारच्या उकाड्यात मेण मऊ झालेलं असणार. त्याने तुळईवर बोट फिरवलं, नाकाजवळ नेलं.

"इथे मेणाचा वास येतो."

 तातूने विडी विझवली आणि शांतपणे वर बघून म्हणाला, "येतलोच. म्होवाचा पोळा होता थय. कालच काडला. चार-पाच माश्यो अजून फिरतत, जरा जपान."

मेवणा ज्या वेगाने खाली उतरला त्या वेगाने मी तरुणपणीही उतरलो नव्हतो. अंगणात उभा राहून शर्ट झटकत तो म्हणाला, मेस्त सांगतात ते बरोबर वाटतं. शिकलेल्या माणसाबद्दल माझा आदर त्या दिवशी फार वाढला.

देवाला गाऱ्हाणं घालून, नारळ फोडून आम्ही कामाला लागलो. मधल्या मातीच्या भिंती दोन दिवसांत पडल्या. तिसऱ्या दिवशी निम्मा गाव बघायला आला. पुढून मागच्या पोफळी दिसत होत्या आणि वर छप्पर जसंच्या तसं. कोणी म्हणालं भुताटकी, कोणी म्हणालं पहिल्या पावसात बसेल. वासूने खांबाला खांदा लावून ढकलून बघितलं. मास्तरांनी तो नसताना ढकलून बघितलं. दोघांनीही खांब हलला नाही याचं समाधान चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

वाटेच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या नव्या भिंती आल्या. दारं कुठे ठेवायची यावर पुन्हा पेच. दोघांनाही दार बाहेरच्या बाजूला पाहिजे होतं, म्हणजे एकमेकांचं तोंड नको. मी खांबांकडे बघून बराच वेळ मान हलवली आणि सांगितलं, दारांची जागा खांब ठरवतात, मी नाही. दारं वाटेतच येणार, समोरासमोर. हेही खोटं होतं. पण एक खोटं पचलं की दुसऱ्याला भूक लागते, तसं झालं.

चवथ आली. मला आमंत्रण होतं, दोन्ही घरांतून वेगवेगळं. गणपती कुठे बसवायचा यावर कोणी काहीच बोललं नव्हतं. माटोळी जिथे बांधतात ती जागा आता ना मास्तरांच्या घरात, ना वासूच्या. ती वाटेत. आदल्या दिवशी दुपारपर्यंत माटोळीची चौकट वाटेत पडून होती आणि दोन्ही दारांतून दोन भाऊ तिच्याकडे बघत बसले होते. चौकट एकट्याने चढत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात.

शेवटी वहिनी बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मला म्हणाली, "मेस्ता, तुमी आनी तातू चडयात. ह्या घरांत आतां दादले उरूंक नात."

या घरात पुरुष उरले नाहीत म्हटल्यावर दोन्ही दारांतून दोघे एकदम बाहेर आले. एक शिडी इकडे, एक तिकडे. बराच वेळ नुसता दोरीचा आवाज. मग वरून ऐकू आलं.

"वयर ओड."

"ओडटां मरे."

"तुजी बाजू सकल आसा."

"तुजी वयर आसा!"

बोलले! दोन वर्षांनी बोलले ते कोणाची बाजू वर आणि कोणाची खाली यावरून भांडले, पण माझ्यामार्फत नाही. वहिनी पदराने तोंड पुसत आत गेली. वासूची मोठी मुलगी तिच्या मागून "आई, आई" करत धावली. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घातला. तातू उघडच रडत होता. त्याला लाज नव्हतीच.

गणपती वाटेत बसला. येणारा-जाणारा त्याच्या पाया पडून पुढे, आणि दोन्ही चुलींचा नैवेद्य एका पाटावर. तेव्हापासून आजपर्यंत तसंच चाललंय. वर्षभर दोघे पंपावरून भांडतात, माटोळीच्या दिवशी दोरीवरून भांडतात, आणि दुपारी एका पंगतीला बसतात. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचो. दोन शहाण्या माणसांना असा सफाईने गंडवलेला मेस्त दोन तालुक्यांत दुसरा नाही, अशी माझी समजूत होती.

गेल्या चवथीला गेलो होतो. गुडघ्यांनी आता शिडी सोडलीय, म्हणून खाली खुर्चीत बसून माटोळी बघत होतो. मास्तर शेजारी येऊन बसले. वासू विहिरीवर गेलाय याची खात्री करून हळू आवाजात म्हणाले,

"मेस्ता, एक विचारू? त्या जोडावर तुम्ही मेण का थापलं होतं?"

माझ्या हातातली नेवरी, तुमची करंजी, खाली पडली.

"कुठल्या जोडावर?"

"अहो, मी सात वर्षांचा असल्यापासून माटोळीची दोरी त्या जागी बांधतोय, काजळीखालची खुंटी बोटाला लागतेच. अखंड लाकडाला मधेच खुंटी कशाला असेल, एवढं मास्तराला कळणार नाही का? आज्याच्या हट्टापायी घरात कोणी बोलायचं नाही, एवढंच."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

मास्तरांनी वर माटोळीकडे बघितलं. "बोललो असतो तर वासू गेला असता ना." मग घाईने म्हणाले, "त्याला सांगू नका हां. त्याला ठाऊक नाही. धाकटा होता, खालून दोरी ओढायचा."

जेवून निघालो तर वासू म्हणाला बसस्टॉपपर्यंत सोडतो. पिकअपमध्ये बसलो. वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली.

"मेस्ता, तुका एक सांगपाचें आशिल्लें. ती तुळय जोडाची. माका भुरगेपणापासून खबर आसा. दादा शाळेंत गेलो काय हांव तिचेर घोडो करून बसतालों. खुंटी हाताक लागताली."

त्याने इंजिन बंद केलं.

"तूं अखंड म्हणालो तेन्ना हांव हांसपाचोच आशिल्लों. मागीर म्हटलें, रावूंदी. रागान उतर सोडिल्लें मेस्ता, घर मोडून दी म्हणून. उतर परत घेवपाक लज दिसताली. तुज्या फटीन माका वाट मेळ्ळी." उतर म्हणजे शब्द आणि फट म्हणजे थाप. त्याने गाडी परत सुरू केली. "पूण दादाक सांगूं नाका. ताका अजून दिसता ती अखंड म्हणून. आज्याचें नांव घेवन सगळ्यांक सांगता. बिचारो."

बसमध्ये मी साखळीपर्यंत हाच हिशेब मांडत गेलो. मी एकटा शहाणा आणि ते दोघे भोळे, अशी ही गोष्ट मी दहा वर्षं मनात सांगत आलो होतो. आता बघतो तर तुळईखाली बसलेले सगळे शहाणे आणि वर मेण थापणारा तेवढा भोळा. आणि वहिनीने मेणाचा गोळा देताना माझ्याकडे तसं का बघितलं, तेही साखळीच्या स्टँडवर उतरताना कळलं. तातू आज असता तर पोट धरून हसला असता. तो गेल्याला तीन वर्षं झाली. करवतीचं दुसरं टोक धरायला आता कोणी नाही, आणि मुलाला मी धंदा शिकवला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्याला जोड कसा असतो ते दाखवायला म्हणून त्या घरी नेणार आहे. मेण खरवडून.

संपादकांनी लाकडी घरांचे फायदे विचारले होते. गारवा असतो, भूकंपात लवतं, कुजलेला भाग बदलता येतो, हे सगळं कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला ठाऊक असलेला फायदा एवढाच, की लाकडी घर सोडायचं म्हटलं तर सहज सुटतं. दोन खुंट्यांचं काम. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनीच त्या काढल्या नाहीत.

राहता राहिला शब्द मोडल्याचा प्रश्न. मास्तर म्हणाले त्याला सांगू नका, वासू म्हणाला दादाक सांगूं नाका. दोघांना मी तोंडाने काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. लिहू नका असं कोणी म्हटलं नव्हतं.

त्या वाटेवर दरवर्षी दिवाळीला हा अंक येतो. दोन घरांत मिळून एकच घेतात. आधी मास्तर वाचतात, मग वासू, मग वहिनी. यंदा मास्तर वाचतील आणि वासूच्या हाती पडू नये म्हणून तो लपवून ठेवतील. वासू बाजारातून दुसरा आणील, वाचील आणि दादाच्या नजरेला पडू नये म्हणून पिकअपच्या सीटखाली घालील. आणि घर झाडताना एक, पिकअप झाडताना दुसरा, असे दोन्ही सापडतील ते वहिनीला.